पिळायचं नाही

निबाल्दो शनिवारी येतो, चादरी वाळत घालून झाल्या की.
शर्टाच्या आत मांजराचं पिल्लू लपवावं
तसा मोटरसायकलचा फिल्टर घेऊन.
पांढरा स्पंज होता म्हणे कधीकाळी.
आता नुसती चुस्का.

चुस्का म्हणजे आमची कालामाची धूळ,
पिठाहून बारीक.
पाऊल टाकलं की पाण्यासारखी घोट्याशी येते
आणि पाणी मात्र टँकरने येतं, मोजून.
दार लावलं तरी ही घरात असतेच,
पावाच्या डब्यात, मारीयाच्या तसबिरीमागे,
झोपलेल्याच्या पापण्यांवर.

"एर्सिलिया, तुझा हात बसलेला आहे धुण्याला."
एकवीस वर्षं खाणीच्या छावणीचे कपडे धुते आहे,
बसलेला असायचाच.
आणि त्या बसलेल्या हातांनी काय केलं,
तर पहिल्याच बुडीला
फिल्टरला करकचून पीळ दिला.

"पिळू नको!" असा ओरडला, जशी मी
कुणा तान्ह्याची मान धरली होती.
"शिवण उसवते. पिळायचं नाही.
दाबायचं. आणि सोडायचं."
पेट्रोलही नको, त्याने डिंक सुटतो.
त्याच्या बाटलीतलं ते औषध, मग साबण, कोमट पाणी.
दाबायचं. सोडायचं.
काळं पाणी. मग तपकिरी. मग थेट चहा.
चौथ्या पाण्याला मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
त्यात छावणीचे बारा जोड मोजे निघाले असते.

जन्मात मी पीळ न देता काही धुतलं नव्हतं.
मनगटांना कळेना, आता आपण काय करायचं.

फिल्टर सावलीत वाळतो आहे.
निबाल्दो इंजिनाच्या घशात आधी चिंधी कोंबतो,
मगच फिल्टरची पेटी पुसायला घेतो.
"एक कण गेला आत, तर काय होतं?"
"एकाने काही नाही. रोज एक गेला तर
आधी चढावर ताकद कमी पडते.
मग सपाटीवर धाप..."
आणि थांबला.

पापा गंधकाच्या खाणीत होते.
तोंडावर ओला रुमाल, बाकी काही नाही.
तो रुमाल मी धुवायचे, नऊ वर्षांची.
उद्या हवा म्हणून
अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पिळायचे.

बादलीच्या तळाशी चमचाभर गाळ राहिला होता.
निबाल्दोने बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला,
पँटला पुसला.

तेल निळं, मधासारखं ओढ धरणारं.
त्याने हातमोजे पुढे केले, मी घातले नाहीत.
कणीक तिंबावी तसं तिंबत राहायचं,
एकही कोपरा पांढरा राहता कामा नये.
जास्त झालं तर टिपून घ्यायचं,
नाहीतर धूळ अडते तसा श्वासही अडतो.
काठाला ग्रीस, बोटभर.
मग तो पेटीत असा बसला
जसा कुठे गेलाच नव्हता.
चिंधी काढलीस ना, मी दोनदा विचारलं.

तिसऱ्या लाथेला गाडी बोलली.
खोकली नाही.
चिऊ-चिऊच्या वाटेने निबाल्दो गेला
आणि त्याची धूळ
बराच वेळ माझ्या वाळत्या चादरींकडे येत राहिली.

सोमवारी घड्या घालताना
मुकादमाच्या चादरीवर माझ्या अंगठ्याचा ठसा सापडला,
निळा, रेषान् रेषा मोजता येईल असा.
क्लोरीनची बाटली हाताशीच होती.
मी घडी अशी घातली
की तो आतल्या बाजूला गेला.